रॉलस्टनला मंत्रिमंडळातून का जावं लागलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसऱ्या महायुद्धात कॅनडाचा संरक्षणमंत्री असलेल्या जेम्स लेटन रॉलस्टनला पंतप्रधान मॅकेन्झी किंगने नोव्हेंबर १९४४ मध्ये, ऐन लढाई चालू असताना, घरी बसवलं. तो मागत काय होता, तर आघाडीवर कुमक पाठवा. मग चूक कुणाची? आणि सगळं लष्कर आणि निम्मं मंत्रिमंडळ आपल्या बाजूला असताना त्याने सरकार का पाडलं नाही?

मी पायदळात नोकरी केली आणि सेवेची शेवटची वर्षं मनुष्यबळाच्या टेबलावर काढली. किती माणसं मंजूर, किती हजर, किती कमी, कुठून भरायची, हाच दिवसभराचा धंदा. त्यामुळे या प्रकरणाकडे मी जरा वेगळ्या बाजूने बघतो. इंग्रजीभाषक विरुद्ध फ्रेंचभाषक असं भांडण म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. ते भांडण खरंच होतं आणि जुनं होतं. पण रॉलस्टनला पाडलं ते रायफल कंपनीच्या हजेरीपटाने, आणि तो हजेरीपट कॅबिनेटमधल्या फार थोड्या लोकांना वाचता येत होता.

आधी माणूस कोण होता ते बघू. जन्म १८८१, नोव्हा स्कोशिया प्रांतातलं ॲमहर्स्ट हे गाव. शिक्षणाने आणि पेशाने वकील. १९११ पासून प्रांताच्या विधानसभेत. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिशी ओलांडलेली, वकिली चाललेली, आमदारकी हातात. घरी बसला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. तो ८५ व्या पलटणीत गेला. नोव्हा स्कोशिया हायलँडर्स म्हणून ही पलटण ओळखली जाते. ९ एप्रिल १९१७ ला फ्रान्समधल्या विमी टेकडीच्या लढाईत सुरुवातीला या पलटणीला खंदक खणायचं आणि सामान वाहायचं काम दिलं होतं. टेकडीचा १४५ क्रमांकाचा उंचवटा दिवसभर पडेना, तेव्हा संध्याकाळी हिच्याच दोन कंपन्या तोफखान्याच्या माऱ्याशिवाय पुढे घातल्या आणि त्यांनी तो घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर बेल्जियममधल्या पाशेंडेलच्या चिखलात या पलटणीचे १४८ जण मेले. त्यांच्या नावांचं स्मारक आजही तिथे शेतात उभं आहे. पुढे रॉलस्टन या पलटणीचा प्रमुख झाला, शौर्यासाठी डीएसओ हे अधिकाऱ्यांचं पदक दोनदा मिळवलं आणि कर्नल म्हणून परतला.

पलटण चालवलेला माणूस म्हणजे काय, हे लष्कराबाहेर नीट समजत नाही. जनरलसमोर नकाशा असतो. पलटणीच्या प्रमुखासमोर संध्याकाळची हजेरी असते: ए कंपनी इतके, बी कंपनी इतके. पाशेंडेलनंतर ज्याने अशा हजेऱ्या पाहिल्या, त्याला 'मनुष्यबळाची स्थिती समाधानकारक' हे वाक्य वाचून समाधान होत नाही.

रॉलस्टनने आणखी एक गोष्ट पाहिली होती. पहिल्या महायुद्धात कॅनडाने १९१७ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा केला. त्यावरून देश उभा चिरला गेला, इंग्रजीभाषक बहुतेक कायद्याच्या बाजूने आणि फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांत विरोधात. १९१८ च्या ईस्टरला क्यूबेक शहरात दंगल झाली, सैनिकांच्या गोळीबारात चार माणसं मेली. राजकारण्यांनी यातून धडा घेतला की सक्तीची भरती म्हणजे विस्तव. पण त्याच कायद्याखाली आलेले चोवीस हजारांवर जवान फ्रान्समध्ये पोचले आणि १९१८ च्या शेवटच्या शंभर दिवसांत कॅनडाच्या पलटणी भरलेल्या राहिल्या त्या त्यांच्यामुळे. किंगला १९१८ म्हटलं की क्यूबेकचे रस्ते आठवत. रॉलस्टन तेव्हा खंदकात होता. पुढे दोघं वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसले तरी त्यांचं १९१८ एक नव्हतं.

मधला काळ झटपट सांगतो. १९२२ ते २४ या काळात माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा तो अध्यक्ष होता. आयोग त्याच्याच नावाने ओळखला गेला. १९२६ ते ३० किंगच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री. १९३५ मध्ये राजकारण सोडून पुन्हा वकिली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध भडकलं तेव्हा किंगने त्याला परत बोलावून अर्थखातं दिलं. जून १९४० मध्ये संरक्षणमंत्री नॉर्मन रॉजर्स विमान अपघातात गेला आणि जुलैत संरक्षण खातं पुन्हा रॉलस्टनकडे आलं.

इथे आपल्या वाचकांसाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. हिंदुस्थानला या युद्धात व्हाइसरॉयने ३ सप्टेंबर १९३९ ला एका घोषणेने ओढलं, इथल्या कुणाला विचारलं नाही. कॅनडाने मात्र एक आठवडा थांबून, स्वतःच्या संसदेत चर्चा करून, १० सप्टेंबरला स्वतः युद्ध पुकारलं. परदेशी लढायला सक्तीची भरती करणार नाही, या वचनावरच किंगने क्यूबेकच्या नेत्यांचा पाठिंबा मिळवला होता. १९१७ मध्ये त्याने पक्षाचा तेव्हाचा फ्रेंचभाषक नेता लॉरिए याची साथ सोडली नव्हती, सक्तीच्या भरतीला विरोध करून स्वतःची निवडणूकही हरला होता, म्हणून त्याच्या शब्दाला तिथे वजन होतं. तेव्हा किंगच्या लेखी हे वचन म्हणजे पक्षाचा पाया होता, आणि त्याच्या मते देशाचाही.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडलं आणि अर्धी पळवाट काढली गेली. नवा कायदा आला: सक्तीची भरती करायची, पण फक्त कॅनडाच्या रक्षणासाठी. परदेशी जायचं असेल तर स्वतःहून सही करायची. अशा रीतीने एकाच लष्करात दोन जाती झाल्या. सही न करणाऱ्यांना लोक 'झॉम्बी' म्हणू लागले. स्वेच्छेने आलेले जवान हा शब्द थुंकल्यासारखा वापरत. हे सगळे फ्रेंचभाषक होते असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. त्यांच्यातले निम्म्याहून जास्त क्यूबेकबाहेरचे होते.

१९४२ मध्ये किंगने जनतेकडून वचनातून सुटका मागितली. २७ एप्रिलच्या जनमत चाचणीत देशभरात सुमारे ६४ टक्के लोकांनी होकार दिला, क्यूबेकमध्ये ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी नकार. किंगने कायद्यातली परदेशी न पाठवण्याची अट काढली, पण ती वापरणार मात्र नाही, अशी भूमिका घेतली. गरज पडली तर सक्ती, पण सक्तीच करावी लागेल असं नाही, हे त्याचं त्या वेळचं प्रसिद्ध धोरण. खरी गरज पडली तर पुन्हा संसदेकडे जाऊ, असंही तो म्हणाला. रॉलस्टनला हे पटलं नाही. गरज पडेल तेव्हा माणसं उद्या हवी असतील, तुम्ही वादविवाद करत बसणार का, हा त्याचा मुद्दा. जुलै १९४२ मध्ये त्याने राजीनाम्याचं पत्र दिलं. किंगने समजूत घातली, रॉलस्टन थांबला. पत्र मात्र परत गेलं नाही. वकील असून रॉलस्टनने ते मागूनही घेतलं नाही. असला कागद दुसऱ्याच्या खणात ठेवू नये, हे कुठलाही कारकून सांगेल.

आता मूळ मुद्दा, कुमक. १९४४ मधल्या कॅनडाच्या पायदळ पलटणीत सगळे मिळून साधारण ८५० जण. चार रायफल कंपन्या, प्रत्येकीत सव्वाशेच्या आसपास, म्हणजे ५००. उरलेले ३५० म्हणजे उखळी तोफावाले, रणगाडाविरोधी तोफावाले, कॅरिअरवाले, सिग्नलवाले, ड्रायव्हर, स्वयंपाकी, कार्यालय. लढाईत माणसं पडतात ती बहुतेक रायफल कंपन्यांतली. समजा एका आठवड्यात २०० जण गेले. वरच्या मुख्यालयात अहवाल जातो: नफरी, म्हणजे हजर माणसं, ६५०, म्हणजे ७६ टक्के. वाईट नाही, वरचा माणूस पान उलटतो. पण खाली ५०० चे ३०० झालेले असतात. दहा जणांच्या सेक्शनमध्ये सहा उरतात. ब्रेनगनवर, म्हणजे सेक्शनच्या मशीनगनवर, दोघं-तिघं ठेवले की धावत पुढे जायला तिघं. सेक्शनचं सगळं तंत्र एकाने गोळीबार करून शत्रूचं डोकं खाली ठेवायचं आणि दुसऱ्याने सरकायचं यावर उभं असतं. तिघांत ते होत नाही. मग सेक्शन कमांडर एकतर जागेवर बसतो किंवा सगळ्यांना एकत्र उठवतो आणि उरलेलेही घालवतो. कमी नफरीची पलटण भरलेल्या पलटणीपेक्षा जास्त वेगाने झिजते, ती यामुळे. कागदावरची टक्केवारी हे कधीच दाखवत नाही.

माणसं पडणार किती, याचा अंदाज कॅनडाच्या लष्कराने ब्रिटिश तक्त्यांवरून बांधला होता. त्या हिशेबात एकूण हानीपैकी निम्म्याच्या आसपास पायदळाची धरली होती. बाकीची तोफखाना, रणगाडे, इंजिनिअर, पुरवठा यांची. नॉर्मंडीत प्रत्यक्ष आकडा तीन चतुर्थांशावर गेला. म्हणजे कुमकेच्या डेपोत माणसं भरपूर होती, पण चुकीची. तोफखान्याचे, ड्रायव्हर, विमानविरोधी तोफावाले बसून राहिले आणि रायफलवाले संपले. एकूण बेरीज बरोबर आणि सदरवार वाटणी चूक. मनुष्यबळाच्या टेबलावरचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात महाग घोटाळा. मग या तोफखानावाल्यांना घाईघाईने पायदळाचं शिक्षण देऊन पुढे पाठवायचं, हा उपाय सुरू झाला.

त्याचा परिणाम एका कागदावर स्वच्छ दिसतो. बेल्जियम-हॉलंडच्या सीमेवर शेल्ट नदीच्या मुखाजवळच्या लढाईत, १३ ऑक्टोबर १९४४ ला, कॅनडाच्या ब्लॅक वॉच पलटणीने उघड्या सपाट शेतांतून हल्ला केला. चारही रायफल कंपन्यांचे कमांडर ठार किंवा जखमी झाले. त्या महिन्यात पलटणीच्या प्रमुखाने वर पाठवलेल्या अहवालात रायफल कंपन्यांतल्या ३७९ जवानांच्या पायदळ प्रशिक्षणाची फोड दिली आहे. तीन महिने किंवा जास्त झालेले १५९. दोन महिने झालेले ४६. एक महिना झालेले १३१. एक महिन्याहून कमी २९. काहीच नाही, १४. शेवटच्या तीन ओळींची बेरीज करा: १७४. रायफल कंपन्यांतले जवळजवळ निम्मे जवान महिनाभराच्या किंवा त्याहून कमी तयारीवर जर्मन छत्रीधारी सैनिकांसमोर उभे होते. नवख्या माणसाला आडोसा कुठे घ्यायचा, कधी उठायचं नाही, बाजूच्याकडे कधी बघायचं, हे अंगात भिनलेलं नसतं. तो पहिल्या दोन दिवसांत पडतो, कित्येकदा सेक्शनमध्ये त्याचं नाव कुणाला कळायच्या आत.

फ्रेंचभाषक पलटणींची अवस्था तर आणखी बिकट होती. रेजिमाँ द मेझोनव्ह, फ्यूझिलिए माँ रोयाल यांना फ्रेंच बोलणारी कुमक हवी आणि ती सगळ्यात कमी. म्हणजे क्यूबेकच्या नावाने जी कुमक अडली होती, तिची सगळ्यात जास्त गरज क्यूबेकच्याच पोरांना होती. ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या भाषणबाजीत बसत नव्हती, म्हणून ती कमी ऐकू येते.

इटलीतही तेच. तिथल्या रणांगणाशी आपला थेट संबंध आहे, म्हणून एक वाक्य जास्त लिहितो. मे १९४४ मध्ये गारी नदी ओलांडताना आठव्या हिंदी डिव्हिजनला कॅनडाच्या रणगाड्यांचं पाठबळ होतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी त्याच मोहिमेत होत्या. यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो जुलै १९४४ मधल्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी. हिंदी फौज संपूर्ण स्वेच्छेची होती आणि तिच्यामागे प्रचंड लोकसंख्या होती. कॅनडाची लोकसंख्या सव्वा कोटीसुद्धा नव्हती आणि तेवढ्यात नौदल, मोठं हवाई दल, वर पाच डिव्हिजनांचं लष्कर.

आणि इथे रॉलस्टनवर माझा पहिला आक्षेप. हे लष्कर एवढं मोठं बांधायचा आग्रह लष्करी मुख्यालयाचा होता आणि मंत्री म्हणून रॉलस्टनने तो रेटला. किंगला आधीपासून भीती होती की एवढं मोठं पायदळ उभं केलं तर एक दिवस सक्तीच्या भरतीची वेळ येईल. किंग अंधश्रद्धाळू, चलाख, पुष्कळदा कंटाळवाणा. पण हे भाकीत त्याने बरोबर केलं होतं. दुसरा आक्षेप असा की कुमकेचा हिशेब ज्या अधिकाऱ्यांच्या हातात होता ते रॉलस्टनचे अधिकारी होते. लंडनमधला त्याचा सर्वात वरिष्ठ अधिकारी जनरल स्टुअर्ट याने ऑगस्ट १९४४ मध्ये मंत्रिमंडळाच्या युद्ध समितीला सांगितलं की कुमक पुरेशी आहे. ऑक्टोबरमध्ये तोच म्हणाला, नाही. दोन महिन्यांत एवढा फरक पडला की पंतप्रधानाला संशय येणारच. रॉलस्टन रात्री उशिरापर्यंत फायली चाळणारा, प्रत्येक कागद स्वतः वाचणारा मंत्री होता. अशा माणसाच्या नजरेतून सदरवार वाटणी निसटावी हे मला आजही खटकतं. कदाचित प्रत्येक कागद वाचणाऱ्याचंच असं होतं.

सप्टेंबर १९४४ मध्ये ठिणगी पडली. नॉर्मंडीत जखमी होऊन परतलेला मेजर कॉन स्माइथ, म्हणजे टोरांटो मेपल लीफ्स या हॉकी संघाचा कर्ताधर्ता, याने वर्तमानपत्रात सांगून टाकलं की येणारी कुमक कच्ची आहे आणि त्यामुळे माणसं विनाकारण मरताहेत. दुसऱ्या एखाद्या मंत्र्याने खुलासा काढून विषय मिटवला असता. रॉलस्टन विमानात बसला आणि स्वतः बघायला गेला, आधी इटली, मग बेल्जियम. तिथे त्याला दिसलं की दोनदा-तीनदा जखमी झालेले जवान जखम भरली की परत त्याच फळीत जाताहेत. आणि मायदेशात सुमारे ६० हजार शिकलेले, सशस्त्र, धडधाकट जवान बराकीत बसलेले. पलटण चालवलेल्या माणसाला हे दृश्य बघवणार नाही. १८ ऑक्टोबरला तो परतला तो एक मागणी घेऊन: यांतले १५ हजार पाठवा.

पुढचे दोन आठवडे मंत्रिमंडळात रोज तोच विषय. इल्सली, मॅकडोनल्ड, क्रेरार हे मंत्री रॉलस्टनच्या बाजूचे. क्यूबेकचे मंत्री विरोधात. किंगने आकड्यांवर आकडे मागवले: स्वेच्छेने अजून किती येतील, इंग्लंडमधल्या डेपोत किती, एखादी डिव्हिजन कमी केली तर? हे प्रश्न रास्त होते. पण ते विचारण्यामागे वेळ काढण्याचा हेतूही होता, आणि रॉलस्टनला तो दिसत होता.

१ नोव्हेंबर १९४४. मंत्रिमंडळाची बैठक. आदल्या दिवसापर्यंत तडजोडीची भाषा चालू होती, रॉलस्टन स्वतः आणखी एकदा आवाहन करून बघायला तयार होता. किंगने शांतपणे सांगितलं की कर्नल रॉलस्टननी दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिला होता, तो मागे घेतलेला नाही, आता तो स्वीकारावा लागेल, आणि स्वेच्छेने माणसं आणून दाखवीन असं म्हणणारा माणूस माझ्याकडे आहे: जनरल मॅकनॉटन. मॅकनॉटन हे नाव मुद्दाम टोचणारं. कॅनडाच्या परदेशी फौजेचा हा लाडका सेनापती डिसेंबर १९४३ मध्ये पदावरून गेला त्यात रॉलस्टनचा हात होता, असं मॅकनॉटन मानत होता, आणि ते फारसं चूक नव्हतं.

रॉलस्टन उठला. औपचारिक राजीनामा पाठवतो म्हणाला. टेबलाभोवती फिरून सहकाऱ्यांशी हात मिळवले आणि बाहेर गेला. किंगचा जुगार एवढ्यावर होता की मागोमाग किती जण उठतात. दोघं-तिघं उठले असते तर त्या संध्याकाळी सरकार राहिलं नसतं. कुणीच उठलं नाही.

का उठलं नाही? माझं वाचन असं: रॉलस्टनने कुणाला सांगितलंच नव्हतं. गट बांधणं, आधी ठरवणं, 'मी उठलो की तुम्ही उठा' असली भाषा, हे त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. तो टेबलावर कागद मांडून युक्तिवाद करणारा वकील होता. आणि किंग पाव शतक पक्ष सांभाळत आलेला होता. अचानक वार झाला की माणसं पहिल्या क्षणी खुर्चीला चिकटतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता गंमत बघा. मॅकनॉटन सभा घेत फिरला. ऑटावाजवळ आर्नप्रायर इथे आणि मग ऑटावात माजी सैनिकांनी त्याची हुर्यो उडवली. बराकीतून सह्या येईनात. २२ नोव्हेंबरला लष्करी मुख्यालयाने मॅकनॉटनला लेखी कळवलं की स्वेच्छेच्या मार्गाने माणसं मिळणार नाहीत. किंगने याला अधिकाऱ्यांचं बंड मानायचं ठरवलं. त्याला खरंच तसं वाटलं की तसं वाटून घेणं सोयीचं होतं, यावर इतिहासकार अजून भांडतात. अधिकाऱ्यांनी सामूहिक राजीनाम्याचा विचार केला असेलही. पण बंड म्हणावं असं त्यात मला काही दिसत नाही. मनुष्यबळ विभागाने 'माणसं नाहीत' असं लिहून देणं ही त्याची नोकरी आहे. दुसऱ्या दिवशी, म्हणजे रॉलस्टन गेल्यावर तीन आठवड्यांत, सरकारने १६ हजार जवान पाठवण्याचा हुकूम काढला. रॉलस्टनने मागितले होते त्याहून हजार जास्त. या निर्णयावर हवाई खात्याचा मंत्री, क्यूबेकचा चार्ल्स पॉवर, राजीनामा देऊन गेला. त्याने स्वतःच्या मतदारांना शब्द दिला होता आणि तो पाळला. ब्रिटिश कोलंबियातल्या टेरेस इथे काही तुकड्यांनी आज्ञा झुगारली, काही दिवस छावणी त्यांच्या ताब्यात होती, मग रक्त न सांडता मिटलं. पाठवायच्या वेळी हजारो जण गैरहजर झाले.

तरी क्यूबेक पेटलं नाही. किंगच्या बाजूने सगळ्यात मोठं म्हणणं हेच. हाच हुकूम ऑक्टोबरमध्ये रॉलस्टनच्या तोंडून निघाला असता तर क्यूबेकला वाटलं असतं की इंग्रजीवाल्यांनी लादलं. किंगने आधी रॉलस्टनचा बळी दिला, मॅकनॉटनला अपयशी होऊ दिलं, शेवटच्या क्षणापर्यंत टाळलं, आणि मग सक्ती केली. त्यामुळे क्यूबेकच्या निदान काही मतदारांना दिसलं की या माणसाने जमेल तितकं टाळलं. सेंट लॉरेंटसारखा क्यूबेकचा मंत्री त्याच्यासोबत राहिला. डिसेंबरमध्ये विश्वासदर्शक ठराव १४३ विरुद्ध ७० मतांनी पार पडला.

आणि लष्करी बाजूने? इथे वाचकांचा गोंधळ होतो, म्हणून सावकाश. ८ नोव्हेंबरला शेल्टची लढाई संपली. त्यानंतर कॅनडाची फौज हॉलंडमधल्या मास नदीवर फेब्रुवारीपर्यंत तुलनेने शांत राहिली. इटलीतली कॅनडाची कोअर फेब्रुवारीत उत्तरेकडे हलवली गेली, तोही काळ लढाईविना गेला. त्यामुळे हानी अंदाजापेक्षा खूप कमी झाली. एकंदर तेरा हजारांच्या आत सक्तीचे जवान समुद्रापार गेले, त्यातले २,४६३ प्रत्यक्ष लढाऊ पलटणींत पोचले, ६९ ठार झाले. हे आकडे दाखवून लोक म्हणतात, बघा, एवढ्यासाठी देश पणाला लावला. हा युक्तिवाद मला मान्य नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये पुढचे तीन महिने शांत जातील हे कुणालाही माहीत नव्हतं. डिसेंबरमध्ये बेल्जियमच्या आर्डेन भागात जर्मनांनी केलेला हल्ला उत्तरेला कॅनडाच्या फळीवर झाला असता तर? कुमकेचं नियोजन वाईट महिन्यासाठी करायचं असतं. पाऊस पडला नाही म्हणून छप्पर फुकट गेलं असं कुणी म्हणत नाही.

तेव्हा चूक कुणाची, याचं माझं उत्तर: ऑक्टोबरमध्ये रॉलस्टनचा हिशेब बरोबर होता. पण तो हिशेब त्या थराला जाऊ देण्यात त्याच्याच खात्याचा वाटा होता. किंगने त्याला काढलं ती पद्धत निष्ठुर होती, आणि राजकारण म्हणून ती लागू पडली. या तीनही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

राहिला प्रश्न, त्याने सरकार का पाडलं नाही. मंत्रिमंडळात मागे राहिलेले काही मंत्री आणि बरेच इंग्रजीभाषक खासदार त्याच्याकडे आशेने बघत होते. नोव्हेंबरच्या अखेरीस संसदेत तो बोलला तेव्हा त्याने आकडे मांडले, किंगच्या अर्धवटपणावर टीका केली, जवान पाठवण्याचा हुकूम पुरेसा ठाम नाही म्हणाला. पण नवा पक्ष, नवी आघाडी, पंतप्रधानपद, यांतलं काही मागितलं नाही. सरकार पडलं असतं तर निवडणूक लागली असती, दोन महिने प्रचार चालला असता, आणि तोवर एकही जवान जहाजात चढला नसता. १९१७ मधल्यासारखी भाषेवर लढलेली निवडणूक झाली असती ती वेगळीच. त्याची मागणी माणसांची होती आणि २३ नोव्हेंबरच्या हुकुमाने ती बहुतांशी पुरी झाली होती. मागणी मान्य झाल्यावर मागणाऱ्याने भांडत राहण्याचं एकच कारण उरतं, ते म्हणजे सूड. त्याच्या वागण्यात तो कुठे दिसत नाही.

मॅकनॉटनला संसदेत आणण्यासाठी ग्रे नॉर्थची पोटनिवडणूक फेब्रुवारी १९४५ मध्ये झाली, त्यात तो पडला. जूनच्या सार्वत्रिक निवडणुकीतही पडला. किंगचा पक्ष मुख्यतः क्यूबेकच्या जोरावर कसाबसा तरला, पण प्रिन्स आल्बर्टच्या स्वतःच्या मतदारसंघात किंग हरला. घरची मतमोजणी झाली तेव्हा तो पुढे होता, सैनिकांची मतं मोजल्यावर १२९ मतांनी मागे पडला. मग दुसऱ्या मतदारसंघातून निवडून यावं लागलं. रॉलस्टन त्या निवडणुकीला उभाच राहिला नाही. तो माँट्रिअलला वकिलीत परतला आणि मे १९४८ मध्ये तिथेच वारला. अल्बर्टातल्या सफील्ड लष्करी तळाच्या वसाहतीला त्याचं नाव आहे.